अंतराळाची वाट : कथेतून, चित्रातून आणि गणितातून

दिनांक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरता केला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन अंतराळात जाऊन सुखरूप परत आले आणि जुलै १९६९ मध्ये मानवाचे पाऊल चंद्रावर पडले. अंतराळयुगाचा इतिहास सांगताना या तारखा प्रथम येतात आणि ते योग्यच आहे. परंतु या तारखांच्या मागे आणखी एक जुनी जंत्री आहे. तीत कारखाने नाहीत आणि प्रक्षेपणतळही नाहीत. तीत कादंबऱ्या आहेत, मासिकांतील रंगीत चित्रे आहेत, एक मूकपट आहे आणि या सर्वांच्या पुढ्यात कागद-पेन्सिल घेऊन बसलेली काही माणसे आहेत. अग्निबाण बनविणाऱ्यांना तो बनवावा असे मुळात का वाटले, याचे उत्तर या दुसऱ्या जंत्रीत सापडते.

साहित्याने विज्ञानाला प्रेरणा दिली असे म्हणणे सोपे आहे आणि सभा-संमेलनांतून ते वारंवार म्हटलेही जाते. प्रत्यक्षात घडले ते याहून थोडे निराळे. ज्या कथांनी आणि चित्रांनी अंतराळाची वाट दाखविली, त्या जवळजवळ सर्वच कोठे ना कोठे चुकलेल्या होत्या. कोणीतरी ती चूक गणिताने धरली, आणि चूक सापडली म्हणून कथा फेकून न देता ती दुरुस्त करण्याच्या मागे लागला. वाट पुढे सरकली ती अशा माणसांमुळे. त्यांपैकी दोघे शाळामास्तर होते, ही गोष्ट शिक्षकवर्गाने अवश्य ध्यानात ठेवावी अशी आहे.

नऊशे फुटांची तोफ

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची पृथ्वीवरून चंद्राकडे जाण्याची कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आहे, बाल्टिमोर शहरातील तोफखानातज्ज्ञांच्या मंडळाला काम उरलेले नाही, आणि म्हणून ही मंडळी चंद्रावर गोळा मारण्याचा घाट घालतात, अशी कथेची सुरुवात आहे. देशोदेशींहून वर्गणी जमते. तोफ कोठे बसवावयाची यावरून फ्लॉरिडा आणि टेक्सास या दोन राज्यांत भांडण जुंपते. एखादी योजना कोणत्या गावच्या हद्दीत यावी, यावरील वाद ज्यांनी पाहिले आहेत त्या पंचायत सदस्यांना हे प्रकरण मुळीच परके वाटणार नाही. अखेर फ्लॉरिडात जमिनीच्या पोटात नऊशे फूट लांबीची तोफ ओतली जाते आणि गोळ्यात बसून तीन माणसे निघतात. पुढच्या भागात ती चंद्राला वळसा घालून परततात आणि प्रशांत महासागरात पडतात.

यानंतर सुमारे शंभर वर्षांनी चंद्राकडे गेलेली अपोलो याने फ्लॉरिडातूनच उडाली, प्रत्येक यानात तीनच माणसे होती आणि परतताना ती प्रशांत महासागरातच उतरली. या साम्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे, परंतु ते बेतानेच करावे. चंद्र डोक्यावर येऊ शकेल असे अक्षांश व्हर्नला हवे होते. अमेरिकन अभियंत्यांना विषुववृत्ताची जवळीक आणि पूर्वेकडील मोकळा समुद्र हवा होता. जागा जवळपास एकच निघाली, कारणे मात्र वेगळी होती.

व्हर्नची खरी देणगी या साम्यात नसून त्याच्या आकड्यांत आहे. तो तोफेची लांबी देतो, गोळ्याचा वेग देतो, दारूचे वजन देतो. राजपुत्र उडत्या घोड्यावर बसला आणि चंद्रावर पोचला, असे सांगणाऱ्या कथेचा हिशेब तपासता येत नाही, व्हर्नच्या कथेचा तपासता येतो. आणि तपासला की ती कोसळते. हा हिशेब माध्यमिक शाळेतील फळ्यावर करून दाखविण्याजोगा आहे. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यासाठी सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे ११,००० मीटर वेग लागतो. नऊशे फूट म्हणजे सुमारे २७५ मीटर. एवढ्या अंतरात शून्यापासून हा वेग गाठावयाचा तर त्वरण किती? वेगाचा वर्ग १२ कोटी १० लाख. त्याला अंतराच्या दुपटीने, म्हणजे ५५० ने भागले की २ लाख २० हजार येतात. गुरुत्वाकर्षणाचे त्वरण ९.८, म्हणजे हे त्याच्या बावीस हजार पटींहून अधिक झाले. साठ किलो वजनाच्या माणसावर तेराशे टनांहून अधिक भार एकदम येईल. व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी घातली आहे, पण या भारापुढे पाण्याची गादी काय आणि लोखंडाची काय, सारखीच. प्रवासी तोफेच्या तोंडाबाहेर जिवंत येणारच नाहीत.

कालुगाचे शाळामास्तर

हा हिशेब ज्यांच्या मनात घर करून बसला त्यांत कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की हे प्रमुख होत. त्यांचा जन्म १८५७ साली रशियातील एका खेड्यात झाला. लहानपणी लाल तापाने त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली आणि शाळा सुटली. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्यांना मॉस्कोला धाडले. तेथे कोणत्याही महाविद्यालयात नाव न घालता त्यांनी एका सार्वजनिक ग्रंथालयात बसून गणित आणि पदार्थविज्ञान आत्मसात केले. निकोलाय फ्योदोरोव हे तेथील ग्रंथपाल या बहिऱ्या मुलाला हवी ती पुस्तके काढून देत. पुढे त्सिओल्कोव्हस्की शिक्षक झाले आणि बोरोव्स्क व कालुगा या लहान गावांतील शाळांत त्यांनी जन्म काढला. १९३५ साली त्यांचे निधन झाले तेव्हा अंतराळात काहीही गेलेले नव्हते.

अंतराळप्रवासाच्या विचाराचे बी आपल्या मनात व्हर्नने पेरले, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. तोफ निरुपयोगी, हे त्यांच्या ध्यानी आले होते. मग वेग हळूहळू वाढेल आणि माणूस चिरडणार नाही असे साधन कोणते? ज्याला ढकलण्यास हवा किंवा जमीन लागत नाही, जे स्वतःतूनच वायू मागे फेकून पुढे सरकते, ते साधन म्हणजे अग्निबाण. १९०३ साली एका रशियन नियतकालिकात त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. अग्निबाणाला अखेर मिळणारा वेग दोन गोष्टींवर ठरतो, एक म्हणजे मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचा वेग आणि दुसरी म्हणजे भरलेल्या व रित्या अग्निबाणांच्या वजनांचे गुणोत्तर, असे सूत्र त्यांनी त्यात मांडले. हे सूत्र मोठे कंजूष आहे. वायूच्या वेगाइतका वेग हवा असेल तर भरलेला अग्निबाण रित्याच्या सुमारे २.७ पट वजनाचा लागतो, दुप्पट वेगासाठी सुमारे ७.४ पट आणि तिपटीसाठी २० पट. एकावर एक टप्पे रचून रिकामा झालेला टप्पा टाकून देण्याची युक्ती यातूनच निघाली. आज श्रीहरिकोट्याहून उडणारा प्रत्येक प्रक्षेपक याच सूत्राच्या हुकमतीत आहे.

विशेष असे की गणित सापडल्यावरही त्सिओल्कोव्हस्की यांनी कथा सोडली नाही. १८९३ साली त्यांची चंद्रावरील मुक्कामाची कथा निघाली आणि १९२० साली 'पृथ्वीपलीकडे' ही कादंबरी. त्यांत व्हर्नची आणखी एक चूक दुरुस्त झालेली दिसते. व्हर्नच्या प्रवाशांना वजनरहित अवस्था येते ती केवळ पृथ्वी आणि चंद्र यांची ओढ समसमान होते त्या एका बिंदूवर. वास्तविक इंजिन बंद पडल्यापासून सर्व प्रवासभर माणूस तरंगत असतो. त्सिओल्कोव्हस्की यांच्या कथांतील माणसे अशी तरंगतात, पाण्याचे गोळे हवेत धरतात, भिंतीला ढकलून खोली ओलांडतात. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मॉस्कोतील चित्रपट निर्मात्यांना यानाची अंतर्रचना समजावी म्हणून त्यांनी रेखाटनांची एक वही तयार केली. चित्रकला त्यांना येत होती असे ती रेखाटने पाहून म्हणवत नाही, पण यानात धरण्यासाठी पट्टे कोठे हवेत, बाहेर पडण्याचे दुहेरी दार कसे असावे, हे त्यांत नीट दाखविलेले आहे.

कल्पना प्रथम, गणित नंतर आणि कृती शेवटी, असा क्रम ते सांगत. या क्रमातील पहिली पायरी कालुगासारख्या गावात चढता आली ती पुस्तकांमुळे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि अनेक गावांत अनुदानित वाचनालये आली. त्यांच्या खरेदीच्या यादीत विज्ञानकथेला कोणते स्थान मिळते, ही बाब वरवर क्षुल्लक वाटते. मॉस्कोतील त्या ग्रंथपालाच्या दृष्टीने पाहिले तर ती तशी वाटत नाही.

चेरीचे झाड आणि चित्रपटातील चंद्र

अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड यांच्या हाती १८९८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, एच. जी. वेल्स यांची मंगळावरील लोकांच्या स्वारीची कादंबरी वृत्तपत्रातून क्रमशः आली. पुढच्या वर्षी १९ ऑक्टोबर रोजी ते घरामागील चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या तोडण्यासाठी चढले असता मंगळापर्यंत जाणारे एखादे यंत्र करता येईल काय, हा विचार त्यांच्या मनात आला. तो दिवस ते पुढे जन्मभर वर्धापनदिनाप्रमाणे पाळीत. १६ मार्च १९२६ रोजी त्यांनी द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद उडाला आणि ४१ फूट उंच गेला. त्याआधीच, जानेवारी १९२० मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून त्यांची थट्टा केली होती. पोकळीत ढकलण्यास काही नसते, तेव्हा अग्निबाण चालणार कसा, असा त्या लेखाचा आक्षेप होता. पत्राने चूक मान्य केली ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. गॉडर्ड १९४५ सालीच निवर्तले होते.

तिसरे हर्मन ओबर्थ. ट्रान्सिल्व्हेनियातील या मुलाने व्हर्नची चंद्रकथा इतक्या वेळा वाचली की ती त्याला जवळजवळ पाठ झाली, आणि मग त्यानेही त्या तोफेचा हिशेब मांडला. १९२२ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांचा अग्निबाणावरील प्रबंध नाकारला. १९२३ साली त्यांनी तो पुस्तकरूपाने छापला आणि माध्यमिक शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याचे काम पुढे चालू ठेवले. विद्यापीठाने ज्याकडे पाठ फिरविली ते पुस्तक चित्रपटसृष्टीने उचलले. फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाने १९२९ साली 'चंद्रावरील स्त्री' हा मूकपट काढला. त्याची कथा लांग यांच्या पत्नी थेआ फॉन हार्बू यांची होती. (याच लेखिकेने पुढे अयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी विवाह केला.) शास्त्रीय सल्लागार म्हणून ओबर्थ यांना बर्लिनला बोलावण्यात आले.

या चित्रपटात उभा अग्निबाण भव्य शाळेतून रुळांवरून हळूहळू बाहेर येतो, टप्पे एकामागून एक गळून पडतात, वेगाचा भार सोसावा म्हणून प्रवासी आडवे झोपतात. उड्डाणापूर्वी आकडे उलटे मोजले जातात. प्रेक्षकांची उत्कंठा ताणण्यासाठी दिग्दर्शकाने योजलेली ती क्लृप्ती होती. उलट मोजणीची प्रथा तेथूनच रूढ झाली असे मानले जाते. चंद्रावर उतरल्यानंतर मात्र चित्रपट घसरतो, कारण तेथे श्वास घेण्याजोगी हवा आहे आणि सोन्याच्या खाणीही आहेत. जाहिरातीसाठी खराखुरा अग्निबाण उडवून दाखविण्याचे ओबर्थ यांनी कबूल केले होते. तो काही उडाला नाही आणि प्रयोग करताना झालेल्या स्फोटात ते जखमी झाले.

येथे एक काळे पान उलटावे लागते. ओबर्थ यांच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या तरुणांत वेर्नर फॉन ब्राउन होते. त्यांना चंद्रावर जावयाचे होते आणि त्यासाठी पैसा जर्मन लष्कराकडे होता. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी व्ही-२ अग्निबाणाचे पहिले यशस्वी उड्डाण झाले, तेव्हा त्याच्या तळाजवळच्या भागावर त्या चित्रपटाचे चिन्ह, चंद्रकोरीवर बसलेली स्त्री, रंगविलेले होते. सप्टेंबर १९४४ पासून हेच अग्निबाण लंडनवर पडू लागले. ते तयार करण्यासाठी डोंगराच्या पोटातील भुयारांत छळछावणीतील कैद्यांना जुंपण्यात आले आणि त्यांतील हजारो तेथेच मेले. अग्निबाणाच्या माऱ्याने जितके मेले त्याहून अधिक माणसे तो बनविताना मेली. कथेने स्वप्न दिले आणि गणिताने साधन दिले, पण ते कोणाच्या हाती पडावे हे या दोघांपैकी कोणीच ठरविले नाही.

चित्रकारांची कामगिरी

युद्धानंतर फॉन ब्राउन अमेरिकेत आले. अंतराळप्रवासावर लोकांचा विश्वास बसत नव्हता, आणि लोकांचा विश्वास नाही तेथे लोकप्रतिनिधी पैसा मंजूर करीत नाहीत. हा अडसर दूर करण्यात चेस्ली बोनस्टेल या चित्रकाराचा मोठा वाटा होता. वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले बोनस्टेल गोल्डन गेट पुलाच्या आराखड्यांची चित्रे काढून नंतर हॉलिवुडमध्ये चित्रपटांचे पडदे रंगवीत. १९०५ साली त्यांनी कॅलिफोर्नियातील एका वेधशाळेतून शनी पाहिला आणि घरी येऊन त्याचे चित्र काढले. ते चित्र सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत जळाले. १९४४ साली 'लाइफ' साप्ताहिकाने त्यांची शनीची चित्रे छापली, त्याच्या निरनिराळ्या उपग्रहांवर उभे राहून पाहिल्यास तो कसा दिसेल, अशी. टायटन या उपग्रहावरील दृश्यात निळ्या आकाशात शनीची कोर तरंगते आणि खाली बर्फाच्छादित कडे उभे आहेत. छायाचित्रच वाटावे इतके ते हुबेहूब आहे. मार्च १९५२ पासून 'कॉलियर्स' साप्ताहिकाने अंतराळावर लेखमाला चालविली. तिचे लेख फॉन ब्राउन आदी तज्ज्ञांचे आणि चित्रे बोनस्टेल व त्यांच्या सहकाऱ्यांची होती. चक्राकार अंतराळस्थानक, पंखांचे यान, चंद्राकडे निघालेला तांडा, हे सर्व लक्षावधी घरांतील मेजांवर येऊन पडले.

आणि चित्रेही चुकली. बोनस्टेल यांच्या चंद्रावरील डोंगर सुळक्यांसारखे धारदार आहेत. हवा नाही, पाऊस नाही, मग झीज कशाची, असा त्यामागील तर्क होता. प्रत्यक्षात अब्जावधी वर्षे सूक्ष्म उल्कांचा मारा सोसून ते डोंगर बोथट झालेले आहेत. हे आधी कोणालाच कळले नव्हते असेही नाही. ल्युसिआँ रुदो हे फ्रेंच चित्रकार स्वतः खगोलवेधक होते. दुर्बिणीतून चंद्राची कड निरखून त्यांनी गोलसर टेकड्यांचा चंद्र बोनस्टेल यांच्या आधीच काढून ठेवला होता. पण लोकांना सुळके आवडले. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स हे यान टायटनवर उतरले तेव्हा तेथे नारिंगी धुरकट आकाश आणि बर्फाचे गोलाकार गोटे दिसले. त्या धुक्यातून शनी दिसणे शक्यच नाही. तरीही ते यान तेथपर्यंत नेणाऱ्या पिढीला टायटनची ओढ लावण्यात त्या चुकीच्या निळ्या आकाशाचा हात नव्हता, असे कोण म्हणेल?

मंगळाची गोष्ट याहून मनोरंजक आहे. १८७७ साली स्कियापारेल्ली या इटालियन ज्योतिर्विदाने मंगळावर रेषा पाहिल्या आणि त्यांना इटालियन भाषेत 'चर' अशा अर्थाचा शब्द वापरला. इंग्रजीत त्याचे 'कालवे' झाले, आणि कालवे म्हटले की खणणारे आलेच. पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन धनिकाने १८९४ साली त्यासाठी वेधशाळा उभारून कालव्यांचे नकाशे काढले. वेल्स यांचे मंगळवासी याच वातावरणात जन्मले, आणि गॉडर्ड यांना झाडावर असताना जो ग्रह दिसला तो हाच. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने टिपलेले प्रत्येक छायाचित्र आकड्यांच्या रूपाने पृथ्वीवर येण्यास तासन्‌तास लागत. यंत्रावर चित्र उमटेपर्यंत थांबण्याचा धीर अभियंत्यांना राहिला नाही. आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या त्यांनी भिंतीवर शेजारी शेजारी चिकटविल्या, रंगीत खडू आणले आणि प्रत्येक आकड्याला एक छटा ठरवून चित्र हाताने भरून काढले. दुसऱ्या ग्रहाचे यानातून दूरचित्रवाणीने आलेले पहिले चित्र असे शाळकरी मुलांच्या पद्धतीने रंगविले गेले. पुढच्या चित्रांत कालव्यांचा मागमूस नव्हता, विवरे तेवढी होती. ती खडूची तसबीर कॅलिफोर्नियातील त्या प्रयोगशाळेने आजवर जपून ठेवली आहे.

त्याच वर्षी १८ मार्च रोजी अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर पडून अंतराळात तरंगले. ते हौशी चित्रकार होते. यानात परतल्यावर त्यांनी रंगीत पेन्सिलींनी कक्षेतून दिसणारा सूर्योदय कागदावर उतरविला. पेन्सिली तरंगून जाऊ नयेत म्हणून त्यांना दोरे बांधलेले होते. अंतराळात काढलेले हे पहिले चित्र होय.

खेड्यातील पडदा

कथा-लेखकाची एक कल्पना मात्र थेट भारतातील खेड्यांपर्यंत आली. आर्थर सी. क्लार्क यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये एका इंग्रजी तांत्रिक मासिकात लेख लिहिला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच वेळात एक फेरी पूर्ण करील. म्हणून खालून पाहणाऱ्याला तो एकाच जागी स्थिर भासेल. असे तीन उपग्रह मिळून जवळजवळ सर्व जगाला संदेशवहन पुरवितील. क्लार्क कथा लिहीत, पण हवाईदलात ते रडारचे अधिकारी होते. येथेही एक चूक होती. हे उपग्रह त्यांच्या मते माणसे राहणारी स्थानके असावयाची, कारण निर्वात नळ्या बिघडणार आणि त्या बदलण्यास कोणीतरी हवे. दोनच वर्षांनी ट्रान्झिस्टर निघाला आणि वर माणूस ठेवण्याची गरज संपली. १९६४ साली सिनकॉम ३ हा उपग्रह त्या कक्षेत स्थिरावला.

हे साधन श्रीमंत राष्ट्रांसाठी आहे, भारताला ते परवडणार नाही, असे तेव्हा पुष्कळांचे मत होते. डॉ. विक्रम साराभाई यांचा विचार नेमका उलट होता. जेथे तारा नाहीत, मनोरे नाहीत, रस्तेही धड नाहीत, त्या देशालाच उपग्रह अधिक उपयोगी, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेशी करार १९६९ साली झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले, पण काम थांबले नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहाद्वारे आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचले. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी गावकऱ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय असत. खेड्यातील संचासाठी लागणारी सुमारे दहा फूट व्यासाची थाळी कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात तसल्या जाळीची केलेली होती. महाराष्ट्र या प्रयोगात नव्हता. शेजारच्या तीन राज्यांतील कित्येक गावांनी मात्र दूरचित्रवाणी पाहिली ती अनेक शहरांच्या आधी. भारतीय अभियंत्यांनी अशीच एक थाळी क्लार्क यांच्या कोलंबोतील घरीही उभारून दिली. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली कल्पना लेखकाने अशी घरबसल्या पाहिली.

मराठीतील धागा

व्हर्नची चंद्रकथा मराठीत फार लवकर आली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर 'केरळ कोकिळ' मासिकाने तिचे रूपांतर वाचकांपुढे ठेवले. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. तथापि स्वतः शास्त्रज्ञाने कथा लिहावी, हे घडण्यास १९७४ साल उजाडावे लागले. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे दिलेले होते. या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली की जयंत विष्णु नारळीकर हे खरे नाव हाती लागते. नावामुळे पारडे झुकू नये म्हणून त्यांनी ही योजना केली होती. केंब्रिजमध्ये गुरुत्वाकर्षणावर काम केलेला गणिती मराठीत कथा लिहितो, यालाही एक अर्थ होता. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो ही गोष्ट सूत्रात मूठभरांना कळते. परत आलेला प्रवासी तरुण आणि त्याची वाट पाहणारे म्हातारे झालेले, असे दाखविले की ती गावातील वाचनालयातही कळते. येथे क्रम उलटा झाला आहे, आधी गणित आणि मग कथा. २०२१ साली नाशिक येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या शास्त्रज्ञाकडे आले. मे २०२५ मध्ये पुणे येथे त्यांचे निधन झाले.

विज्ञानाने कलेचे ऋण उघडपणे मान्य केल्याचा एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने बाह्य ग्रहांकडे धाडली. ती परतणार नव्हती. म्हणून प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक ध्वनिमुद्रिका बसविण्यात आली आणि ती कशी वाजवावयाची हे वेष्टनावर आकृत्या काढून दाखविण्यात आले. तीत ५५ भाषांतून अभिवादने आहेत, त्यांत मराठीही आहे. जगातील निवडक संगीतात भारताचा एकच आवाज आहे, केसरबाई केरकर यांचा, भैरवी रागातील. मूळच्या गोव्यातील केरी गावच्या केसरबाईंना महाराष्ट्र शासनाने १९६९ साली राज्यगायिका म्हणून गौरविले होते. निवड ठरली तेव्हा त्यांची ती तबकडी मिळणे कठीण झाले. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, एका खोक्यात, तिच्या प्रती सापडल्या.

व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. १६ सप्टेंबर रोजी केसरबाई निवर्तल्या. त्यानंतर दोन दिवसांनी, १ कोटी १६ लाख किलोमीटरांवरून, यानाने मागे वळून एक छायाचित्र घेतले. पृथ्वी आणि चंद्र या दोघांच्या कोरी एकाच चौकटीत प्रथमच दिसल्या त्या त्या चित्रात.